केलरचा निरोप आणि आपला वर्ग : एका मानसशास्त्राच्या प्राध्यापकाच्या अध्यापनपद्धतीची चिकित्सा

(यवतमाळ येथे महाविद्यालयीन शिक्षक व विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती तेवढी कमी केली आहे.)



आज आपण ज्या लेखाबद्दल बोलणार आहोत, तो मुळात एक व्याख्यान आहे, आणि गंमत म्हणजे व्याख्यानाच्या विरोधातलं व्याख्यान आहे. सप्टेंबर १९६७ मध्ये वॉशिंग्टनला अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचं अधिवेशन भरलं होतं. तिथे फ्रेड केलर नावाचे अडुसष्ट वर्षांचे प्राध्यापक उभे राहिले आणि आयुष्यभर आपण ज्या पद्धतीने शिकवलं ती पद्धत आता निरोप देण्याच्या लायकीची झाली आहे, असं त्यांनी सांगितलं. पुढच्या वर्षी, १९६८ साली, ते भाषण ‘गुडबाय, टीचर...’ या नावाने छापून आलं. हे नाव त्यांनी लहानपणी शाळा सुटताना पोरं ओरडायची त्या एका बडबडगीतातून घेतलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, अमेरिकेतल्या साठ वर्षांपूर्वीच्या भाषणाचं यवतमाळात काय काम? काम आहे. आपल्या जिल्ह्यात, वणीपासून उमरखेडपर्यंत, सोळा तालुक्यांतल्या महाविद्यालयांत जो वर्ग भरतो, किंवा भरत नाही, त्याच्याबद्दल नेमका प्रश्न या माणसाने विचारून ठेवला आहे. त्याचं उत्तर आपल्याला पूर्ण पटत नाही, हेही आम्ही पुढे सांगणार आहोत. पण आधी त्याचं म्हणणं नीट ऐकून घेऊ.

तारमास्तर ते प्राध्यापक

केलर यांचा जन्म १८९९ चा. शाळा लवकर सोडून त्यांनी तारखात्यासारख्या एका कंपनीत तारेचे संदेश पाठवण्याचं काम केलं. पहिल्या महायुद्धात ते सैन्यात होते. त्यानंतर शिक्षण पुन्हा सुरू केलं, हार्वर्डमधून १९३१ साली डॉक्टरेट मिळवली. तिथेच बी. एफ. स्किनर यांच्याशी मैत्री झाली, ती जन्मभर टिकली. पुढे कोलंबिया विद्यापीठात त्यांनी १९३८ पासून १९६४ पर्यंत मानसशास्त्र शिकवलं.

या सगळ्यात महत्त्वाचं वळण आलं ते दुसऱ्या महायुद्धात. सैन्याला मोर्स संकेत घेणारे हजारो जवान घाईने तयार करायचे होते. जुनी रीत अशी, की संकेतांची लांबलचक माळ ऐकवायची, जवानाने उतरवून घ्यायची आणि चुका नंतर कळायच्या. केलर यांनी रीत बदलली. एक संकेत वाजवायचा, जवानाने अक्षर लिहायचं, आणि दोन-तीन सेकंदांत बरोबर अक्षर मोठ्याने सांगायचं. म्हणजे काय, तर चूक झाली तर ती त्याच क्षणी कळायची. चुकीवर चूक चढायची नाही. एक टप्पा पक्का झाला की मगच पुढचा. युद्ध संपल्यावर हा माणूस परत वर्गात गेला, फळ्यापुढे उभा राहिला, आणि दर तासाला तेच जुनं करू लागला : तासभर बोलायचं, आणि कुणाला काय कळलं ते परीक्षेत, महिन्यांनी कळायचं. सैन्याच्या छावणीत जे त्यांना सुचलं, ते विद्यापीठात आणायला पुढची वीस वर्षं लागली. हे सांगायचं कारण असं, की आपली सवय बदलणं शिकवणाऱ्या माणसाला किती जड जातं ते यातून दिसतं, आणि ते मानसशास्त्रज्ञालाही चुकत नाही.

पद्धत काय होती?

१९६१ साली केलर ब्राझीलला साव पावलो विद्यापीठात शिकवायला गेले. तिथे कॅरोलिना बोरी आणि रोडोल्फो अझी हे सहकारी मिळाले. राजधानी ब्राझिलियात नवं विद्यापीठ उभं राहत होतं, आणि त्यात मानसशास्त्राचा विभाग कोऱ्या पाटीवर मांडायचा होता. १९६३ मध्ये बोरी, अझी, केलर आणि त्यांचा तरुण सहकारी गिल शर्मन अशा चौघांनी मिळून आराखडा केला. ऑगस्ट १९६४ मध्ये ब्राझिलियात पहिला अभ्यासक्रम सुरू झाला आणि १९६५ मध्ये केलर-शर्मन यांनी तोच ॲरिझोनात चालवला.

पद्धतीत पाच गोष्टी होत्या. एक : अभ्यासक्रमाचे लहान घटक पाडायचे, ॲरिझोनात ते तीस होते. प्रत्येक घटकाला वाचायचं काय, त्यात शोधायचं काय, याचा लेखी कागद. दोन : विद्यार्थ्याने आपल्या गतीने पुढे जायचं. तीन : घटकाची छोटी चाचणी द्यायची, ती जवळजवळ निर्दोष सुटली तरच पुढचा घटक. सुटली नाही तर पुन्हा वाचून या, पुन्हा द्या. कितीही वेळा द्या, नापास झाल्याचा डाग नाही. चार : ही चाचणी तपासायला शेजारी बसलेला एक विद्यार्थीच, हा विषय आधी उत्तम करून झालेला. तो तिथल्या तिथे तपासणार, ‘इथे असं का लिहिलंस?’ म्हणून विचारणार, आणि उत्तर पटलं तर गुण देणार. आणि पाच : व्याख्यान! केलर यांनी व्याख्यान काढून टाकलं नाही. त्यांनी ते बक्षीस केलं. अमुक इतके घटक पूर्ण केलेल्यांनाच व्याख्यानाला आणि प्रयोगाच्या प्रात्यक्षिकाला बसायची परवानगी. त्यावर परीक्षेत प्रश्न नाही. यायचं तर या.

गुणांची वाटणीही बघा. शेवटच्या परीक्षेला पंचवीस टक्के, आणि सत्रभर पूर्ण केलेल्या घटकांना पंच्याहत्तर टक्के.

वेळ पक्की, शिक्षण कच्चं

या पाच गोष्टींमागे एकच विचार आहे, आणि तो आमच्या मते या लेखाचा प्राण आहे. आपल्या पद्धतीत वेळ पक्की असते आणि शिक्षण कमीजास्त होतं. सत्र इतक्या तारखेला सुरू, इतक्याला परीक्षा. मधल्या काळात कुणी सत्तर टक्के शिकलं, कुणी तीस. त्या फरकाला आपण ‘गुणवत्ता’ म्हणतो. केलर म्हणतात, उलटं करा. शिक्षण पक्कं करा, वेळ कमीजास्त होऊ द्या.

आता हे आपल्या जिल्ह्यात आणून बघा. दिवाळीच्या आगेमागे कापसाची वेचणी सुरू होते. मजूर मिळत नाही, मिळाला तर दर परवडत नाही, म्हणून घरातलं कॉलेजात जाणारं पोर शेतात जातं, पोरगी तर हमखास जाते. ती पंधरा दिवस, महिनाभर वर्गात नसते. नेमकी तेव्हाच हिवाळी सत्राची परीक्षा जवळ आलेली असते. ती परत येते तेव्हा तिच्यासाठी पाठ थांबलेला नसतो. मधली दोन प्रकरणं बुडाली, तर त्यावर उभं राहिलेलं तिसरंही बुडतं. मग ती काय करते? बाजारातलं गाईड घेते, झेरॉक्सच्या दुकानातून ‘अपेक्षित प्रश्न’ घेते, पाठ करते आणि चाळीस गुणांनी सुटते. आपण तिला पंच्याहत्तर टक्के हजेरीचा नियम वाचून दाखवतो. नियम चुकीचा आहे असं आमचं म्हणणं नाही. पण तो नियम मोजतो काय? बाकावर बसणं मोजतो. तिला काय येतं हे त्या हजेरीपत्रकात कुठेच नसतं.

केलरच्या वर्गात ही मुलगी घटक क्रमांक सहावर थांबली असती आणि परत आल्यावर सहापासूनच सुरू झाली असती. एवढाच फरक. पण तिच्या बाजूने बघितलं तर हा फरक फार मोठा आहे.

आपलाच विषय, आपल्याच विरुद्ध

मानसशास्त्र शिकवणाऱ्यांना हा लेख जास्त टोचायला हवा. बी.ए.च्या वर्गात आपण एबिंगहाउसचा विस्मरणाचा आलेख शिकवतो. १८८५ सालचं काम आहे ते. एका बैठकीत रेटून केलेला अभ्यास आणि विभागून केलेला अभ्यास यातला फरक शिकवतो. परिणामाचं ज्ञान ताबडतोब मिळालं तर शिकणं सुधारतं, हे शिकवतो. आणि हे सगळं शिकवतो कसं? तासभर मजकूर सांगून, वहीत उतरवून घ्यायला लावून! प्रात्यक्षिकाची जर्नल एकाची बघून दुसरा भरतो आणि म्युलर-लायर भ्रमाचे आकडे वर्गातल्या सगळ्यांचे सारखे येतात. म्हणजे विषयात जे सिद्ध झालं ते उत्तरपत्रिकेत लिहायचं, वर्गात वापरायचं नाही.

यात केलर यांच्या बाजूने नंतरचा पुरावाही आहे. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक यांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी पुन्हा वाचले, काहींनी वाचल्यावर आठवून लिहिले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. चाचणी ही मोजपट्टी तर आहेच, पण ती शिकण्याची एक रीतही आहे. केलर यांनी हे चाळीस वर्षं आधी वर्गात बसवलं होतं. आणि १९७९ मध्ये कुलिक, कुलिक आणि कोहेन यांनी अशा अभ्यासक्रमांची साध्या वर्गांशी तुलना करणारे ७५ अभ्यास एकत्र तपासले. निष्कर्ष असा, की केलर पद्धतीत विद्यार्थ्यांची कामगिरी वरचढ ठरते, आणि वर्गातल्या विद्यार्थ्यांमधलं अंतर कमी होतं. शेवटचा भाग पुन्हा ऐका : अंतर कमी होतं. ज्या जिल्ह्यात एका बाकावर शहरातल्या डॉक्टरांचा मुलगा आणि झरीच्या पोडावरची पहिल्या पिढीतली विद्यार्थिनी शेजारी बसते, तिथे याहून मोठी शिफारस कुठली?

मग आक्षेप कुठे?

इतकं गुणगान केल्यावर आता आमचे आक्षेप मांडतो. तीन आहेत.

पहिला आक्षेप भाषेचा. केलर यांची सगळी इमारत लिहिलेल्या शब्दावर उभी आहे. विद्यार्थी पुस्तक वाचेल आणि त्याला कळेल, हे त्यांनी धरूनच चाललं. आपल्याकडे घरी कोलामी किंवा गोंडी, नाहीतर तांड्यावर गोरमाटी, गावात वऱ्हाडी, शाळेत पुस्तकी मराठी, आणि महाविद्यालयात ‘अभिसंधान’, ‘प्रबलन’ असे शब्द असलेलं मराठी. चौथी भाषाच म्हणा ना! अशा विद्यार्थ्याच्या हातात कागद देऊन ‘तुझ्या गतीने वाच’ म्हणणं, म्हणजे त्याला मोकळं करणं नव्हे, एकटं सोडणं होईल. हे महाराष्ट्राला ठाऊक नाही असं नाही. १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ सुरू झालं, तेव्हा पहिले कुलगुरू राम ताकवले यांनी मराठीतून स्वयंअध्ययनाची पुस्तकं तयार करण्यावर भर दिला. उद्दिष्टं आधी, मध्ये स्वतःला तपासायचे प्रश्न, शेवटी उत्तरं, अशी ती मांडणी. विद्यार्थ्याशी बोलणारं पुस्तक लिहिणं हे वेगळं आणि कष्टाचं काम आहे, हे त्या प्रयोगाने दाखवलं. केलर यांच्या लेखात या कष्टाचा हिशेब कमी पडतो.

दुसरा आक्षेप गतीचा. ‘आपल्या गतीने’ हे शब्द ऐकायला गोड आहेत. प्रत्यक्षात या पद्धतीचा सगळ्यात प्रसिद्ध रोग म्हणजे चालढकल. पहिले चार घटक झटपट होतात, मग विद्यार्थी दिसेनासा होतो. आणि गती ही फक्त मनाची नसते, घराचीही असते. संध्याकाळच्या शेवटच्या एसटीने गावी जाणाऱ्या आणि गेल्यावर चुलीपुढे बसणाऱ्या मुलीची ‘आपली गती’ कोण ठरवतं? ती स्वतः नक्कीच नाही. म्हणून वेळापत्रक पूर्ण मोडीत काढलं तर ज्यांच्याकडे आधीच वेळ आहे त्यांचंच फावतं. महाविद्यालयातला तास हा अनेक मुलींसाठी दिवसातला एकमेव हक्काचा तास असतो. तो काढून घेऊ नका; त्या तासात काय होतं ते बदला.

तिसरा आक्षेप सगळ्यात खोल आहे. विषयाचं जे जे तुकड्यांत मोडता येतं, ज्याला बरोबर-चूक असं उत्तर आहे, ते केलर पद्धतीत उत्तम शिकता येतं. मोर्सचा संकेत घ्या, प्रबलनाचे प्रकार घ्या, प्रयोगाचा आराखडा घ्या. पण मानसशास्त्र तेवढंच आहे का? आपल्या जिल्ह्याचं नाव देशभर कशाने माहीत झालं, ते इथे सांगायला नको. शेतकऱ्याच्या आत्महत्येनंतर त्या घराबद्दल बोलताना ‘नैराश्य’ हा शब्द कुठपर्यंत पुरतो? कर्ज, पाऊस, कापसाचा भाव, मुलीचं लग्न आणि मनाचा आजार यांची गाठ कुठे बसते? पाठ्यपुस्तकातली लक्षणांची यादी त्या घरात जशीच्या तशी लावली तर आपण काय पाहतो आणि कशाकडे डोळेझाक करतो? यवतमाळातल्या मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याला हा प्रश्न टाळून पदवी मिळू नये. आणि या प्रश्नाचा घटक पाडून त्याची दहा गुणांची चाचणी करता येत नाही. इथे एकमेकांचं ऐकणं लागतं, मत बदलणं लागतं, आणि ज्याला स्वतःला उत्तर सापडलेलं नाही असा शिक्षक समोर लागतो. त्याला ‘गुडबाय’ म्हणून भागणार नाही.

शेजारी बसलेला तो

पण तिसऱ्या आक्षेपाने सगळा लेख बाद होतो असंही आम्हाला वाटत नाही, आणि त्याचं कारण आहे तो शेजारी बसलेला विद्यार्थी-तपासनीस. केलर यांच्या पद्धतीतली सगळ्यात कमी यांत्रिक गोष्ट तीच आहे. उत्तर चुकलं तर तो विचारतो, ‘तुला काय म्हणायचं होतं?’ स्किनर यांच्या अध्यापनयंत्राला हे विचारता येत नव्हतं. आणि ही कल्पना आपल्याला परकी नाही. ॲन्ड्र्यू बेल नावाच्या पाद्र्याने अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासेत मुलांनी मुलांना शिकवण्याची रीत पाहिली, वापरली आणि १७९७ मध्ये त्यावर पुस्तिका छापली. इथल्या वाळूवर अक्षरं गिरवणाऱ्या शाळांवरून त्याने धडा घेतला होता. तिकडे ती स्वस्तात पुष्कळ पोरं शिकवायची युक्ती झाली आणि बदनामही झाली. केलर यांनी त्यात ‘का?’ हा प्रश्न घातला, म्हणून ती वेगळी झाली.

आपल्याकडे हे करताना एक काळजी घ्यावी लागेल. तपासणारा कोण आणि तपासून घेणारा कोण, यात जात, गाव आणि मुलगा-मुलगी हे सगळं येऊन बसतं. तपासनीस नेहमी त्याच घरांतले निवडले गेले तर जुनीच उतरंड नव्या नावाने चालेल. पण ज्या मुलीने तो घटक तीनदा देऊन पक्का केला, तीच पुढच्या वर्षी उत्तम तपासनीस होऊ शकते, कारण अडतं कुठे हे तिला ठाऊक आहे.

ब्राझिलियाचं पुढे काय झालं?

हा भाग केलर यांच्या चाहत्यांकडून सहसा सांगायचा राहतो. एप्रिल १९६४ मध्ये ब्राझीलमध्ये लष्कराने सत्ता घेतली. नवं विद्यापीठ त्यांच्या डोळ्यांत खुपत होतं. ऑक्टोबर १९६५ मध्ये काही प्राध्यापकांना काढल्याच्या निषेधात दोनशेहून अधिक प्राध्यापकांनी राजीनामे दिले. ज्या विद्यापीठात कोऱ्या पाटीवर काहीतरी मांडायचं होतं, त्याची पाटीच हिसकावली गेली. यातून आम्ही एवढंच घेतो, की अध्यापनपद्धती हवेत राहत नाही. अभ्यासक्रम कोण ठरवतं, परीक्षा कोण घेतं, शिक्षकाची नोकरी पक्की आहे का, यावर ती उभी असते. आपल्याकडे पेपर अमरावतीहून येतो. अनेक विषय तासिका तत्त्वावरचे शिक्षक शिकवतात, त्यांना तासाचे पैसे मिळतात. घटकांचे कागद लिहायचे, चाचण्या काढायच्या, तपासनीस तयार करायचे, या कामाला त्या हिशेबात तासच नाही! म्हणून केलर पद्धत आणा म्हणणाऱ्याने आधी हे काम पगारात धरा म्हटलं पाहिजे. नाहीतर ‘गुडबाय टीचर’चा सोयीस्कर अर्थ लागेल : जागा भरू नका, मुलांना लिंक पाठवा.

आपण काय घ्यावं?

विद्यापीठ बदलायची वाट न बघता एवढं करता येईल. एका पेपरमधली पहिली चार-पाच प्रकरणं घ्या, ज्यांवर पुढचं सगळं उभं आहे. त्यांचे घटक पाडा. प्रत्येक घटकाचा एक पानाचा कागद लिहा, वर्गात बोलतो तशा मराठीत. चाचणी वर्गाच्याच तासात घ्या, आणि ज्याला लिहिण्यापेक्षा बोलून सांगणं जमतं त्याला सांगू द्या, वऱ्हाडीत सांगितलं तरी चालेल. पुन्हा द्यायची मुभा ठेवा, आणि अंतर्गत गुण शेवटच्या यशस्वी प्रयत्नाला द्या. वेचणीहून परतलेल्यांसाठी मागचे घटक खुले ठेवा. आणि जो वेळ मजकूर सांगण्यात जात होता, तो वाचला की त्यात ते प्रश्न घ्या ज्यांचे घटक पडत नाहीत. केलर यांनी व्याख्यान हे बक्षीस केलं. आम्ही म्हणू, चर्चा हा सगळ्यांचा हक्क ठेवा, आणि पाठांतराचा मजकूर सांगणं तेवढं बंद करा.

शेवटचं, जे हे व्याख्यान पडद्यावर ऐकतील किंवा वाचतील त्यांच्यासाठी. ध्वनिफीत थांबवता येते, मागे नेता येते, दीडपट वेगाने ऐकता येते. पण याला केलर पद्धत म्हणता येणार नाही. त्यात गती आहे, पण ‘तुला काय म्हणायचं होतं?’ असं विचारणारं कुणी नाही. तेव्हा एक करा. हे बंद झाल्यावर कागद घ्या, केलर यांच्या पाच गोष्टी आणि आमचे तीन आक्षेप न बघता लिहा, आणि शेजारच्या कुणाला तरी समजावून सांगा. त्याने ‘का?’ विचारलं आणि तुम्ही अडलात, तर तिथून पुन्हा सुरू करा.

आणि आमचे आक्षेप तुम्हाला पटले नसतील तर तेही सांगा. आता प्रश्नोत्तरांना सुरुवात करू. मागच्या बाकावरच्यांनी आधी विचारावं.